वाचक विचारतात : मॉरिशसला जाऊन नेमके काय पाहावे?

आमच्या मागील अंकातील परदेश सहलींच्या लेखात मॉरिशसला जेमतेम एक परिच्छेद मिळाला होता आणि तोही सगळा किनाऱ्यांवरच खर्च झाला होता, अशी तक्रार करणारी बरीच पत्रे आली. तक्रार रास्त आहे. या बेटावर तीनदा जाण्याचा योग मला आला. पहिल्या खेपेला मीही किनाराच पाहून परतले होते, त्यामुळे पत्रांतील प्रश्न मला जवळचे वाटले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून पाच रात्रींच्या सहलीचे पैसे भरले आहेत. कार्यक्रमपत्रिकेत जलक्रीडा, एका लहान बेटावरचे जेवण आणि खरेदी आहे. एकच दिवस मोकळा ठेवला आहे. आम्हाला इतिहासात रस आहे. एका दिवसात काय पाहता येईल? (पुणे)

उत्तर : एकच दिवस हाती असेल तर तो राजधानी पोर्ट लुईला द्यावा आणि त्याची सुरुवात आप्रवासी घाटावर करावी. हा घाट म्हणजे काशीचा किंवा वाईचा घाट नव्हे. बंदराच्या काठी काळ्या दगडाच्या काही बैठ्या खोल्या, रुग्णालयाच्या इमारतीचे अवशेष, स्वयंपाकाची जागा, शौचकूप, पहारेकऱ्याची खोली आणि एक दगडी जिना, एवढेच येथे उरले आहे. परंतु याच जागेतून 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर गेले. त्यांतील बहुतेक याच बेटावरील उसाच्या मळ्यांत राहिले, तर काहींना येथून रियुनियन, आफ्रिकेचा किनारा आणि वेस्ट इंडिजपर्यंत पाठवण्यात आले. जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस या सोळा पायऱ्या चढून वर आला की त्याची नोंद होई, त्याला क्रमांक मिळे आणि एक-दोन दिवसांत त्याची कोणत्या तरी मळ्यावर रवानगी होई. मी त्या पायऱ्यांशी उभी असताना माझ्यापुढे एक वयस्क स्थानिक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. त्यांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले, नातवालाही काढायला लावले आणि मगच ते पहिल्या पायरीपाशी गेले. तेथे कोणतीही मूर्ती नाही आणि बूट काढण्याची सूचना देणारी पाटीही नाही.

शेजारीच माहिती केंद्र आहे. तेथे किमान तासभर द्यावा, कारण ते न पाहता घाट पाहिला तर पडक्या भिंतींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ब्रिटिश सरकारने गुलामगिरी बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर मळेवाल्यांना मजूर कोठून पुरवायचे, हा प्रश्न उभा राहिला. करारावर आणलेले मुक्त मजूर गुलामांच्या जागी चालतील का, हे पाहण्यासाठी सरकारने मॉरिशसची निवड केली आणि याला 'मोठा प्रयोग' असे नाव दिले. प्रयोग मालकांच्या दृष्टीने यशस्वी ठरला आणि मग जगभरच्या ब्रिटिश वसाहतींत तो राबवला गेला. गिरमिट, म्हणजे मजुरांच्या तोंडी 'ॲग्रीमेंट'चा (कराराचा) झालेला अपभ्रंश, या शब्दामागची सगळी कहाणी त्या अर्थाने या सोळा पायऱ्यांपासून सुरू होते.

आता दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. कंत्राटी मजुरांची पहिली तुकडी येथे 2 नोव्हेंबर 1834 रोजी उतरली आणि गुलामगिरी कायद्याने संपली 1 फेब्रुवारी 1835 रोजी. मध्ये अवघे तीन महिने! आज या दोन्ही दिवशी देशात सार्वजनिक सुटी असते. म्हणूनच माझा आग्रह असा की आप्रवासी घाट एकटा पाहू नये. तेथून चालत काही मिनिटांवर फ्रेंचांच्या काळातील जुने लष्करी रुग्णालय आहे आणि आता त्यात गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. फ्रेंच अमलात मादागास्कर आणि मोझांबिकच्या बाजूने आणलेल्या माणसांनी हे बंदर, हे रस्ते आणि हे रुग्णालयही बांधले. आपले लोक उतरले त्या धक्क्यावरचा दगड आधी कोणीतरी वाहिला होता, हे त्या दोन इमारतींमधल्या रस्त्यावरून चालताना आपोआप उमगते.

दुसरा दिवस काढता आला, आणि जलक्रीडेचा एक दिवस सोडला तर तो निघतोच, तर बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न या डोंगरापाशी जावे. 556 मीटर उंचीचा हा कातळ तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर आणि कपारींत आसरा घेत असत. लोकपरंपरेत अशी कथा आहे की, गुलामगिरी संपल्याची बातमी सांगण्यासाठी शिपायांची तुकडी डोंगर चढू लागली तेव्हा ते आपल्याला पकडायलाच येत आहेत असे समजून माथ्यावरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा मौखिक आहे, तिला कागदोपत्री आधार शोधत बसू नये. मात्र पळालेल्या गुलामांच्या येथील वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. पायथ्याशी स्मारक आहे आणि 1 फेब्रुवारीला तेथे लोक जमतात. वरचा टप्पा अतिशय उभ्या चढाचा असून निवृत्त मंडळींनी तो टाळावा. पायथ्यापासूनही डोंगर पुरेसा बोलतो. मॉरिशसमध्ये जागतिक वारसा यादीतील स्थळे दोनच आहेत, 2006 मध्ये नोंदलेला आप्रवासी घाट आणि 2008 मध्ये नोंदलेला ल मॉर्न. दोन्हींत राजवाडा नाही, कोरीवकाम नाही. ज्यांच्या नावे काहीच बांधले जात नाही अशा माणसांची ही दोन ठिकाणे त्या देशाने जगापुढे ठेवली, याचे मला फार मोल वाटते.

प्रश्न : मॉरिशस म्हणजे 'छोटा भारत' असे सगळे सांगतात. मग आपल्याकडे आहेत तीच देवळे पाहायला एवढा खर्च करून का जावे? (नाशिक)

उत्तर : 'छोटा भारत' हे शब्द सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून इतके रुळले आहेत की तेथे जाऊन आलेले लोकही तेच म्हणतात. तो भारत नाही. लोकसंख्येतील मोठा हिस्सा भारतीय वंशाचा आहे हे खरे, पण त्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती असे गट आहेत, हिंदू आहेत आणि मुसलमान आहेत. त्यांच्याबरोबर आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे क्रिओल आहेत, चिनी आहेत आणि फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज आहेत. या सगळ्यांची रोजच्या व्यवहाराची भाषा फ्रेंचमधून घडलेली क्रिओल आहे. वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या बेटावर मूळचे असे कोणीच नाही. 1598 मध्ये डच दर्यावर्दी येथे उतरले तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. 1715 पासून फ्रेंच, 1810 पासून ब्रिटिश आणि 12 मार्च 1968 रोजी स्वातंत्र्य, या सगळ्या प्रवासात प्रत्येक समाज जहाजातून उतरलेला आहे. कोणी मालक म्हणून उतरला, कोणी साखळदंडात, कोणी अंगठा उठवून, तर कोणी दुकान थाटायला. म्हणून तेथील देऊळ, मशीद, चर्च किंवा पॅगोडा पाहताना 'हे आपल्यासारखेच आहे का' असे न पाहता 'हे येथे कसे रुजले' असे पाहावे. मग एकही वास्तू आपल्याकडच्यासारखी वाटत नाही.

पोर्ट लुईच्या रॉयल रस्त्यावरील जुम्मा मशिदीचे उदाहरण घ्या. 1850 च्या दशकात गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती बांधायला घेतली. तिच्या अंगणात देशी बदामाचे एक जुने, विस्तीर्ण झाड आहे. मशीद वाढत गेली ती या झाडाला सांभाळून. बाहेर उन्हात डांबरी रस्ता तापलेला असतो आणि आत पाऊल टाकले की त्या झाडाची मोठमोठी पाने, खाली फरशीवर पडलेली सावली आणि वजूच्या पाण्याचा आवाज, एवढेच उरते. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार सोडून, दारावर विचारून, अंगभर कपडे घालून गेले तर पाहुण्यांना आत येऊ देतात. मशिदीतून बाहेर पडून थोडे चालले की चिनी वस्तीची कमान लागते आणि सुक्या मासळीचा, अगरबत्तीचा आणि तळलेल्या नूडल्सचा असा मिसळलेला वास येऊ लागतो.

याहून अधिक सांगावेसे वाटते ते सेंत-क्रुआ येथील समाधीविषयी. जाक-देझिरे लावाल हे फ्रान्समधील डॉक्टर. पुढे त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि 1841 मध्ये ते मॉरिशसला आले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये त्यांनी आयुष्य घालवले. त्या काळी गोऱ्या मळेवाल्यांना ते रुचणारे नव्हते. 9 सप्टेंबर 1864 रोजी त्यांचे निधन झाले. आजही दरवर्षी 8 सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसे चालत त्यांच्या समाधीकडे येतात. समाधीवर त्यांची आडवी, रंगवलेली मूर्ती आहे. लोक तिच्या पायांना हात लावतात, फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्या रांगेत कपाळाला टिकली लावलेल्या साडीतल्या बाया मी पाहिल्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या मुस्लिम बायाही पाहिल्या. आपल्याकडे माउंट मेरीच्या जत्रेला किंवा हाजी मलंगला जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण परक्या मुलुखात ते पाहताना ऊर भरून येतो, हे मी अनुभवाने सांगते.

आणखी एक गोष्ट. त्या देशाची सुट्ट्यांची यादीच पाहण्यासारखी आहे. तमिळांची थैपूसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, तेलुगूंची उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी आणि नाताळ या साऱ्यांना राष्ट्रीय सुटी असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास गेलात तर कावडीची मिरवणूक चुकवू नका. मात्र गालांतून आणि जिभेतून सुया टोचून घेतलेल्या भक्तांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. ती त्यांची व्रताची वेळ असते.

प्रश्न : माझे वय 68 आहे. पंढरीची वारी मी नऊ वेळा पायी केली आहे. मॉरिशसला महाशिवरात्रीला लोक पायी तलावावर जातात असे ऐकले. मला त्यात चालता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल, आणि आपल्याला तर ते फारच आपलेसे वाटेल. बेटाच्या मध्यभागी डोंगरात, ज्वालामुखीच्या जुन्या विवरात साठलेला हा तलाव आहे. फ्रेंच नाव ग्राँ बासँ. मजूर त्याला परी तलाव म्हणत. त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला 1897 मध्ये स्वप्न पडले की या तलावाचे पाणी गंगेशी जोडलेले आहे. दुसऱ्या वर्षी काही माणसे उत्तरेकडील गावांतून चालत तेथे गेली, तलावाचे पाणी घेऊन आली आणि त्यांनी गावच्या शिवालयात अभिषेक केला. समुद्र ओलांडून आलेल्या ज्या माणसांना गंगेवर परत जाणे कधीच शक्य नव्हते, त्यांनी गंगा आपल्या बेटावर शोधून काढली. 1972 मध्ये गोमुखाचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले आणि तेव्हापासून तलावाचे नाव गंगा तलाव झाले.

शिवरात्रीच्या आधी तीन-चार दिवस रस्ते पांढऱ्या कपड्यांतील माणसांनी भरून जातात. बांबूच्या, कागदी फुलांनी आणि आरशांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर असतात. रस्त्याच्या कडेला गावोगावचे लोक मांडव घालून सरबत, फळे आणि जेवण वाटतात, आणि ते वाटणाऱ्यांत केवळ हिंदूच असतात असे नाही. वारीच्या वाटेवरचे फराळ आणि पाय चेपून देणारी मंडळी आठवल्याशिवाय राहत नाहीत. सगळी वाट चालण्याची गरज नाही. शेवटचा सात-आठ किलोमीटरचा टप्पा चालला तरी पुरे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो तेथील उन्हाळ्याचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो, त्यामुळे खाली घाम आणि वर डोंगरात अचानक गार पाऊस, असे दोन्ही एकाच दिवशी अनुभवाला येते. दुसरे असे की तलावाकाठची माकडे हातातला प्रसाद हिसकावतात. त्यांना खाऊ घालू नये. त्याचे कारण पुढे पक्ष्यांविषयीच्या उत्तरात दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरात असे सांगतात की खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मुंबई बंदरातून 'मॉरिस बेटा'वर गेले आणि परत आले नाहीत. तेथे त्यांचा माग लागू शकेल का? (चिपळूण)

उत्तर : आपले पत्र वाचून मी काही वेळ थांबले. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा कथा अनेक घरांत आहेत. मजुरांची भरती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून होत असे. मुंबईचा वाटा त्यांत लहान होता, तरी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील माणसे त्यातूनच गेली.

मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. माणसाचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज आणि क्रमांक असा तपशील त्यांत असतो. पुढच्या काळातील मजुरांची छायाचित्रेही आहेत. छातीशी क्रमांक आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे! तेथील संग्रहालयात यांतील काही पाहायला मिळतात, आणि त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर बोलणे सुचत नाही. परंतु मूळ वह्या कोणालाही चाळायला देत नाहीत. संस्थेला आधी पत्र लिहून, आपल्याकडे असलेली माहिती कळवून, शोध शक्य आहे का ते विचारावे लागते. अडचण नावांची येते. कारकुनांनी नावे ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली, गावांची नावे तर पुष्कळदा ओळखण्यापलीकडची झाली. म्हणून निघण्यापूर्वी घरातील कागद, जुना सातबारा, कुलदैवताचे नाव, गावाचे जुने नाव, तालुका, आणि ते साधारण कोणत्या वर्षी गेले असतील याचा अंदाज, हे सगळे एका कागदावर मांडून ठेवावे. जहाजाचे नाव घरात कोणाला आठवत असेल तर अर्धे काम झालेच.

माग लागला नाही तरी तेथील मराठी समाजाला अवश्य भेटावे. बेटाच्या पश्चिमेकडे, कास्कावेल आणि आसपासच्या गावांत मराठी वस्ती जुनी आहे. शाळांत मराठी शिकवली जाते, मराठी मंडळांचे जाळे आहे, आणि आपल्या जाखडीशी नाते सांगणारा 'झाकरी' नाच तेथे ढोलकीवर आजही होतो. घरात बोलली जाते ती बहुधा क्रिओल. पण आरती मराठीतच होते, आणि ती म्हणणाऱ्या मुलाला शब्दांचा अर्थ विचारला तर तो कधीकधी आजीकडे पाहतो. गणेश चतुर्थीला मूर्ती डोक्यावर घेऊन समुद्राकडे किंवा नदीकडे निघालेली मंडळी पाहिली की सावंतवाडीच्या वाटेवर असल्यासारखे वाटते. मोका येथे 2023 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला आहे. मात्र भेटायला जाताना 'तुमचे मराठी किती बिघडले आहे' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. ते मी आपल्याच एका प्रवाशाच्या तोंडून ऐकले आहे आणि समोरच्या बाईंचा चेहरा उतरलेला पाहिला आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षे, कोणाची सक्ती नसताना, त्यांनी ते टिकवले आहे.

प्रश्न : मी पक्षीनिरीक्षक आहे. डोडो तर संपला. आता तेथे निसर्गात पाहण्यासारखे काय उरले आहे? (नागपूर)

उत्तर : वर म्हटल्याप्रमाणे या बेटावर मूळचा माणूस नाही. मूळचे रहिवासी म्हणजे पक्षी, महाकाय कासवे, सरडे, वटवाघळे आणि काळ्या लाकडाची एबनीची जंगले. डोडो हा कबुतराच्या कुळातला, न उडणारा पक्षी. डच 1598 मध्ये उतरले, आणि विश्वसनीय मानले जाणारे त्याचे शेवटचे दर्शन 1662 मधील आहे. खलाशांनी मारून खाल्ल्याने तो संपला असे आपण शाळेत शिकलो, पण जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली, हा घाव अधिक मोठा होता. म्हणूनच गंगा तलावावरच्या माकडांना खाऊ घालू नये असे म्हटले. तीही बाहेरून आणलेलीच आहेत आणि आजही घरटी लुटतात. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला आणि हरणेही आणली. पुढे ऊस वाढत गेला तसतसे जंगल मागे हटत गेले. आज चांगल्या स्थितीतील मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांच्या आसपास उरले आहे.

तरीही तुम्ही जावेच, कारण नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरून पक्षी परत कसे आणतात हे पाहण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे खरुचीच्या जातीचा छोटा शिकारी पक्षी, 1974 मध्ये निसर्गात अवघे चार उरले होते. गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या घरात आले होते. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी काढून उबवणे, पिंजऱ्यात प्रजनन, घरट्यांच्या पेट्या, उंदरांचा बंदोबस्त, जंगलात पूरक खाद्य, अशा चिकाटीच्या कामातून दोन्हींची संख्या काही शेकड्यांवर नेली. गुलाबी कबूतर पाहायचे तर माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत या बेटावर जावे. अवघे 26 हेक्टरांचे, प्रवाळाच्या चुनखडीचे हे बेट आहे. किनाऱ्यावरून होडीने काही मिनिटांत पोहोचतो आणि मार्गदर्शकाबरोबर दीडेक तास चालावे लागते. मुख्य बेटावरचे किनारी एबनीचे जंगल केव्हाच गेले. ते कसे होते याचा अंदाज आता येथेच येतो.

या बेटावर सेशेल्समधील अल्दाब्रा बेटांवरची महाकाय कासवे आणून सोडली आहेत. मॉरिशसची स्वतःची कासवे नष्ट झाली होती आणि एबनीची फळे खाऊन बिया दूरवर टाकणारे कोणी उरले नव्हते. ते काम ही पाहुणी कासवे करू लागली. एका कासवाला एबनीचे पडलेले फळ चघळताना मी जवळून पाहिले. जबडा सावकाश हलत होता, फळाचा चिकट गर तोंडाच्या कडेने ओघळत होता, आणि आमचा मार्गदर्शक तरुण कौतुकाने ते दाखवत शेजारचे वीतभर उंचीचे रोप बोटाने दाखवत होता. डोडो गेल्याने एका झाडाच्या बिया रुजणेच थांबले, ही गोष्ट तुम्ही कोठे वाचली असेल तर ती मात्र पुढील अभ्यासात टिकलेली नाही. कासवांनी केलेली ही पेरणी मात्र प्रत्यक्ष नोंदवलेली आहे.

याच बेटाच्या जवळ जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो स्थानिक लोकांनी कापडी नळ्यांत उसाचे पाचट भरून, त्या एकमेकांना शिवून पाण्यावर तरंगते बांध घातले. बेटावरचे दुर्मीळ पक्षी आणि रोपवाटिकेतील रोपे सुरक्षित जागी हलवण्यात आली. ज्या उसासाठी जंगल तोडले गेले, त्याच उसाचे पाचट उरलेसुरले वाचवायला उपयोगी पडले. तेथील लोक हे मोठ्या अभिमानाने सांगतात आणि त्यांना तो अधिकार आहे.

मोठ्या भटकंतीसाठी 1994 मध्ये स्थापन झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान आहे. पहाटे जावे, जळवा नाहीत, विषारी साप नाहीत, पण पायवाटा निसरड्या आहेत. केस्ट्रेल आणि एको पोपट दिसण्याची शक्यता तेथे चांगली असते.

प्रश्न : सप्तरंगी माती, पाम्प्लमूसची बाग आणि मोठे कमळ, यांसाठी वेळ द्यावा का? (कोल्हापूर)

उत्तर : शामारेलची सप्तरंगी माती सुंदर आहे, पण ती अर्ध्या तासात पाहून होते. ज्वालामुखीचा बेसाल्ट झिजून त्याची माती झाली आणि लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तिच्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा उतरल्या. दख्खनच्या माणसाला बेसाल्ट नवा नाही, त्याचे हे रूप मात्र नवे आहे. सकाळचे तिरपे ऊन असताना जावे. पाम्प्लमूसच्या बागेला मात्र अर्धा दिवस द्यावा. प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने 1770 मध्ये ती वाढवायला घेतली. लवंग आणि जायफळ यांवरची डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी त्याने इंडोनेशियातील मोलुक्का बेटांतून रोपे चोरून आणवली होती. परातीएवढ्या पानांची कमळे सगळेच पाहतात. आपण तालिपोट माड पाहावा. तो अनेक दशके वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. जवळच बो प्लाँ येथे 1999 मध्ये बंद पडलेल्या साखर कारखान्याचे संग्रहालय आहे. कोल्हापूरच्या माणसाला तेथील चरक आणि कढया पाहून घरी आल्यासारखे वाटेल. गुलामी आणि गिरमिट यांचा साखरेशी असलेला संबंधही तेथे स्पष्टपणे मांडला आहे.

प्रश्न : शाकाहारी जेवण, हवामान आणि फिरण्याची सोय यांबद्दल लिहावे. (ठाणे)

उत्तर : मे ते नोव्हेंबर हा काळ चांगला. तो तेथील थंडीचा आणि कोरडा हंगाम असून जानेवारी ते मार्च वादळांचे भय असते. पोर्ट लुईहून क्युर्पीपपर्यंत शहरी रेल्वे आहे, बसगाड्या जवळपास सगळीकडे जातात, पण संध्याकाळनंतर त्या कमी होतात. भाड्याच्या मोटारीने फिरणार असाल तर ठिकाणांची यादी निघण्यापूर्वीच चालकाच्या हाती द्यावी. माझ्या पहिल्या खेपेला आमच्या चालकाने अर्धा दिवस दोन दुकानांत घालवला आणि आप्रवासी घाट बंद झाल्यावर आम्ही तेथे पोहोचलो.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते. मैद्याच्या पातळ पोळीत डाळीची कोरडी भरड भरलेली असते आणि ती कडधान्याच्या रस्स्याबरोबर, टोमॅटोच्या चटणीबरोबर गुंडाळून कागदात देतात. नेहमी दोन-दोनच्या जोडीने. पुरणपोळीची ही गोड नसलेली भावकी असावी असे पहिल्या घासालाच वाटते. 'गातो पिमाँ' म्हणजे डाळीचे तिखट वडे. ते सकाळी पावात घालून खातात. दोन्ही विकणाऱ्या गाड्यांवर क्रिओल, चिनी, मुसलमान, तमिळ असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात सकाळी अकराच्या आत जावे. नंतर चांगल्या गाड्यांवरची पुरी संपलेली असते.